सोमवारी गर्दी कमी असते, हे मात्र खरं!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला 'एका दिवसात अजिंठा-वेरूळ' हा लेख वाचला. सकाळी वेरूळ, दुपारी अजिंठा आणि 'जमलंच तर' रात्री परतताना बीबी का मकबरा, असा बेत लेखकमहाशयांनी आखून दिला आहे. 'जमलंच तर' हे फार आवडलं. दिवसभरात अडीचशेच्या घरात किलोमीटर तुडवायचे, त्यात एकीकडे चौतीस आणि दुसरीकडे तीस लेणी उरकायची, शिवाय मकबरा. जेवणाला वेळ ठेवला आहे, त्याबद्दल आभार.

लेखाच्या चौकटीत आणखी एक सल्ला आहे: शनिवार-रविवारी गर्दी असते, म्हणून सोमवारी जावे. सोमवारी अजिंठ्याला गर्दी कमी असते हे अगदी खरं आहे. कारण सोमवारी अजिंठा बंद असतो. मंगळवारी वेरूळ बंद. हे अजिंठ्याच्या पायथ्याशी असलेल्या फर्दापूरच्या चहावाल्यालाही पाठ आहे. तुमच्याकडे छापण्यापूर्वी लेख कुणी वाचतं की नाही?

फोटोबद्दल तर काय बोलावं! 'अजिंठ्यातील बुद्धमूर्ती' म्हणून जो छापलाय, तो वेरूळच्या दहाव्या लेण्यातला आहे, ज्याला लोक सुतार की झोपडी म्हणतात. स्तूपापुढे पाय खाली सोडून बसलेले बुद्ध अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातही आहेत, त्यामुळे गफलत झाली असेल. पण लेखक दोन्हीकडे जाऊन आलेत ना? की त्यांनीही एका दिवसातच पाहिलं?

मी शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहे. एका दिवसाच्या या बेताचा प्रसाद मी खाल्लेला आहे, म्हणून एवढा राग. दोन वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाची सहल निघाली. सहलवाल्याचं नाव घेत नाही. जळगावहून पहाटे निघालो. आता नकाशा माहीत असलेल्या कुणालाही कळेल की जळगावहून संभाजीनगरकडे जाताना फर्दापूर वाटेवरच लागतं. अजिंठ्याचा फाटा आला, दार उघडायची वेळ झालेली, बायका पदर सावरून उठायला लागल्या, आणि बस सरळ पुढे घाटात! का, तर "आधी वेरूळ. अजिंठा येताना बघू." वेरूळला दुपारचं जेवण ठरलेलं होतं आणि जेवणानंतर हिमरू शालींचं दुकान. लेणी काय, कुठे पळून जात नाहीत.

कैलासापुढे आम्हाला पाऊण तास मिळाला. "वरून खाली कोरत आणलंय, कळस आधी, पाया नंतर, चला पुढे." शालींच्या दुकानात मात्र घड्याळाकडे कुणी बघितलं नाही. गाद्यांवर बसवलं, चहा दिला, एकेक शाल उलगडून दाखवली. गाइडही तिथे निवांत टेकला होता.

सिल्लोडमार्गे परत फर्दापूरला पोहोचलो तेव्हा ऊन कललं होतं. खासगी गाड्या फाट्यावरच थांबतात, तिथून लेण्यांपर्यंत एसटीच्या बसने जायचं. बसच्या रांगेपर्यंत जायचं म्हणजे दुकानांच्या गल्लीतून, आणि दर पावलाला कुणीतरी स्फटिकाचा दगड नाकापुढे धरणार. वर पोहोचल्यावर पायऱ्या. माझ्या नणंदबाईंचे गुडघे आधीच कुरकुरत होते. डोलीवाल्याशी घासाघीस सुरू झाली, सहलवाला म्हणाला डोलीचे पैसे पॅकेजमध्ये नाहीत. शेवटी त्याच म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही बघून या, मी बसते खालीच." आणि बसल्या, आम्ही येईपर्यंत, पिशव्या सांभाळत.

पहिल्या लेण्यात बाहेरच्या उन्हातून शिरलं की सुरुवातीला काहीच दिसत नाही. मंद दिवे असतात आणि ते तसेच हवेत. डोंगराच्या कातळावर चिखल, भुसा, गवत यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा हात, आणि त्या कोरड्या पृष्ठभागावर रंग. झगझगीत उजेड आणि माणसांच्या श्वासाची वाफ, दोन्ही त्याला सोसत नाहीत. डोळे सरावायला थोडा वेळ द्यावाच लागतो. मग अंधारातून आधी भिंतीवरच्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचा मुकुट वर येतो, नंतर झुकलेल्या पापण्या, आणि सगळ्यात शेवटी उजव्या हातातलं निळं कमळ. मी शाळेतल्या मुलींना न्यायचे तेव्हा आत शिरण्याआधी ओसरीत डोळे मिटून उभं करायचे. आमच्या सहलीला मुकुटापर्यंतसुद्धा जाता आलं नाही. "चला, चला, मागे लोक आहेत." बाहेर येऊन एक मैत्रीण म्हणाली, "एवढंच? कॅलेंडरवर बरं दिसतं." तिचं काय चुकलं?

पण दहाव्या लेण्यात गाइडला वेळ सापडला. खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 1819 साली कोरलेलं नाव त्याने टॉर्च मारून दाखवलं. ते एवढं उंच का, तर तेव्हा लेण्यात मातीचा ढीग साचला होता आणि साहेब त्यावर उभा होता. सगळ्यांनी माना वर करून ते बघितलं. ज्या चित्रावर त्याने ते ओरबाडलं, ते कुणी बघितलं नाही. सतराव्या लेण्याच्या दारात ड्रायव्हरचा फोन आला आणि आम्ही मागे फिरलो. सव्विसाव्यातलं महापरिनिर्वाण तर राहिलंच. बुद्ध आडवे झालेत आणि खाली शिष्य शोक करताहेत, ते मला नणंदबाईंना दाखवायचं होतं.

रॉबर्ट गिल नावाचा एक फौजी चित्रकार या चित्रांच्या नकला करायला 1844 पासून इथे राहिला. कित्येक वर्षं राहिला. त्याच्या बहुतेक नकला 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, तरी तो पुन्हा कामाला लागला. त्याची कबर आमच्या भुसावळला आहे. तुमच्या लेखकांनी वाट वाकडी करून तिथे जावं. जमलंच तर.

आणखी एक. 'अजिंठ्याला कसे जाल' यात तुम्ही नेहमी संभाजीनगरच देता. तिथून अजिंठा शंभर किलोमीटर, जळगावहून साठ. मुंबई-हावडा मार्गावरचं मोठं स्टेशन, बहुतेक गाड्या थांबतात. पण पर्यटन म्हटलं की जळगाव तुमच्या नकाशावरच नसतं. केळी आणि उन्हाळ्यातलं तापमान, एवढ्यापुरतीच आमची आठवण होते. यंदाही पारा चढला की फोटोग्राफर पाठवालच. तेव्हा त्याला साठ किलोमीटर पुढे धाडा, आणि सोमवार सोडून धाडा.

येत्या रविवारी चौकटीतली चूक त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात दुरुस्त करून छापावी, ही विनंती. आतल्या पानावर कोपऱ्यात 'दिलगीर आहोत' छापून भागणार नाही. पुण्या-मुंबईचे आमचे पाहुणे तुमची कात्रणं घेऊन येतात, आणि सोमवारी बंद दाराशी त्यांची समजूत आम्हाला घालावी लागते.

कळावे,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, जळगाव