लेकीचे पैसे आणि पाचवी आज्ञा

प्रिय आई व बाबा यांस,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

औषधांसाठी म्हणून मी पाठवलेली रक्कम बाबांनी मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, छपराच्या निधीत दिली, हे मला खजिनदारांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पावतीवरून समजले. पावतीवर देणगीदार म्हणून बाबांनी माझेच नाव घातले होते. बाबांचा हात आजवर दुसऱ्याच्या पैशाला कधी लागला नाही, आणि माझे पैसेही त्यांनी दुसऱ्याचेच मानले, एवढाच त्या पावतीचा अर्थ मला लागला. तो मनाला फार झोंबला, म्हणून हे पत्र. फोनवर बाबा "बघू, बघू" म्हणून विषय संपवतात आणि आई लगेच मुलांच्या परीक्षांचे विचारू लागते. पत्रात मला माझे म्हणणे शेवटपर्यंत मांडता येईल.

लेकीच्या पैशावर जगायचे नाही, ही बाबांची धारणा मला ठाऊक आहे. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे पाणीही घ्यायचे नाही, असे म्हणणारी वडीलधारी माणसे नगरकडच्या आपल्या गावात मी लहानपणी पाहिली आहेत. आपल्या घराण्यात विश्वास येऊन चार पिढ्या झाल्या, उपासना बदलली, सण बदलले, सोयरिकी बदलल्या, पण ही रीत मात्र आपल्याबरोबर चालत आली. तिच्यामागे माया आहे, हे मी नाकारत नाही. लेकीवर भार पडू नये आणि सासरी तिला कोणी बोलू नये, हीच आईबापांची इच्छा असते. तरीही दादा मस्कतहून पाठवतो ते पैसे घरखर्चात जातात आणि मी पाठवते ते दानपेटीत जातात, ह्या भेदाला पवित्र शास्त्रात मला कोठेही आधार सापडत नाही.

रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत अध्याय वाचून झाला की बाबा पुस्तक मिटत आणि दादाला व मला विचारत, "मग ह्यातलं उद्या काय करायचं?" नीतिसूत्रे चालू असली की उत्तर सोपे असे. गणना ह्या पुस्तकातली नावे आणि आकडे वाचून झाल्यावर मात्र दादा माझ्याकडे बघे आणि मी आईकडे. शास्त्र वाचून झाल्यावर ते दुसऱ्या दिवशीच्या कामात दिसले पाहिजे, हे मी त्या प्रश्नातून शिकले, आणि माझ्या मुलांनाही मी आज तोच प्रश्न विचारते. ह्या पत्रात तो तुम्हांला विचारण्याची परवानगी असावी.

"आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख," ही पाचवी आज्ञा संडेस्कूलमध्ये आम्ही लहान मुलांची आज्ञा म्हणून पाठ केली. परंतु सीनाय पर्वताशी ती ज्यांनी ऐकली ते संसारी स्त्रीपुरुष होते, आणि त्यांचे थकलेले आईबाप त्यांच्याबरोबर रानातून चालले होते. मान राखणे म्हणजे केवळ उलट उत्तर न देणे नव्हे, त्यात अन्न, वस्त्र आणि औषधपाणी येते, हे प्रभू येशूने मार्काच्या शुभवर्तमानाच्या 7 व्या अध्यायात परूशी व शास्त्री ह्या यहूदी धर्मपुढाऱ्यांसमोर स्पष्ट केले. आपल्याकडून आईबापांना जे मिळायचे ते कुर्बान, म्हणजे देवाला वाहिलेले, आहे असे एखाद्याने म्हटले की त्याला त्यांच्यासाठी काही करूच द्यायचे नाही, हा त्या लोकांचा संप्रदाय, म्हणजे रूढी, होती. आणि त्याने तुम्ही देवाचे वचन रद्द करता, असे प्रभू त्यांना म्हणाला. बाबा, तेथे मुलगा द्यायला तयार नव्हता. आपल्या घरी मुलगी द्यायला तयार आहे आणि आईबापांच्या वाट्याचे बापानेच कुर्बान केले आहे. हे वाक्य वडिलांना लिहिताना माझा हात अडखळला, पण त्याहून सौम्य शब्दांत ते खरे राहत नाही.

आता आईच्या डबीविषयी. नाताळात मी आले होते तेव्हा स्वयंपाकघरातल्या फळीवर चहापत्तीच्या डब्यामागे मला एक लहान स्टीलची डबी दिसली, आणि तिच्यात सुरीने अर्ध्या केलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. काही तुकडे चुरा झालेले होते. डॉक्टरांनी सकाळी एक पूर्ण गोळी लिहून दिली आहे. आई अर्धी घेते आणि एका महिन्याच्या पाकिटात दोन महिने काढते. आई, तू हे बाबांना सांगितले नसणार, आणि बाबा, तुम्हांला कळले असते तर तुम्ही छपराचा विचारही केला नसता, ह्याची मला खात्री आहे. त्या छपराखाली माझा बाप्तिस्मा झाला, लग्न झाले. त्याच्यासाठी मी वेगळी देणगी पाठवीन, माझ्या येथल्या मंडळीत दशांशही देते. पण त्या डबीतल्या गोळ्या अर्ध्या असताना छपराचे पत्रे बदलले जावेत, हे मला मान्य नाही, आणि प्रभूलाही ते मान्य नसावे असे मार्काचा अध्याय वाचून मला वाटते.

मुलीकडून घ्यायचे की नाही, ह्याबद्दलही शास्त्र गप्प नाही. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 5 व्या अध्यायात मुलांनी व नातवंडांनी आधी आपल्या घरच्यांशी धर्माने वागून वडीलधाऱ्यांचे उपकार फेडायला शिकावे असे सांगितले आहे, आणि त्याच अध्यायात पुढे, विश्वास ठेवणाऱ्या स्त्रीच्या नात्यात विधवा असल्या तर तिने त्यांना साहाय्य करावे, मंडळीवर भार टाकू नये, असे स्त्रीचे वेगळे नाव घेऊन म्हटले आहे. लूकाच्या 8 व्या अध्यायात तर प्रभू स्वतः गावोगाव फिरत असताना मग्दालीया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा ह्याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ स्त्रिया आपल्या पैशाअडक्याने त्याची व शिष्यांची सेवा करत होत्या. योहान्ना लग्न झालेली स्त्री होती, तिच्या घरी मान होता, आणि तरी प्रभूने तिचे पैसे घेतले. त्याने कमीपणा मानला नाही. आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण द्यायचे तर बाबांना पंडिता रमाबाईंविषयी फार आदर आहे. हजारो स्त्रियांचा आधार झालेल्या त्या बाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनच्या कामात आपल्या मुलीवर, मनोरमाबाईंवर, मोठा भार टाकला होता. मनोरमाबाई 1921 साली गेल्या आणि रमाबाई पुढच्याच वर्षी. आईने लेकीवर विसंबण्यात रमाबाईंना काही वावगे दिसले नाही.

पुण्याला येऊन राहण्याचा आग्रह मात्र मी ह्यापुढे धरणार नाही, आणि त्याचे कारण बर्जिल्लय आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला हा म्हातारा मला अलीकडे फार जवळचा वाटतो. मुलगा अबशालोम ह्याने बंड केले तेव्हा दावीद राजा यार्देन नदीपलीकडे महनाईमास गेला, आणि तेथे बर्जिल्लयाने व आणखी दोघांनी त्याच्या थकल्याभागल्या लोकांसाठी बिछाने, भांडी, गहू, जव, पीठ, मसूर, मध असे सगळे आणून दिले. बंड मोडल्यावर राजा त्याला म्हणाला, माझ्याबरोबर यरुशलेमेस चल, मी तुझा सांभाळ करीन. तेव्हा बर्जिल्लय म्हणाला की मी आता ऐंशी वर्षांचा झालो, खाल्ल्या-प्यायल्याची चव मला कळत नाही, गाणाऱ्यांचे सूर ऐकू येत नाहीत, मी महाराजांना भार कशाला व्हावे? मला माझ्या गावी, आईबापांच्या कबरेजवळ मरू द्या. दावीद राजा होता, हुकूम सोडू शकला असता. त्याने म्हाताऱ्याचे चुंबन घेतले, आशीर्वाद दिला आणि त्याला घरी जाऊ दिले. तुमचे नगरचे घर, आईची कढीपत्त्याची आणि पपईची झाडे, बाबांचा रविवारचा शास्त्राभ्यासाचा वर्ग आणि कबरस्तानातली आजी-आजोबांची जागा सोडून तुम्ही आमच्या सातव्या मजल्यावर येऊन काय कराल, हा प्रश्न मला आता पडतो, आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

पण त्याच म्हाताऱ्याने आणखी काय केले, तेही पाहा. त्याने राजाचा राजवाडा नाकारला. राजाचा उपकार नाकारला नाही. आपल्याऐवजी किम्हाम नावाच्या आपल्या माणसाला त्याने पुढे केले आणि म्हटले, ह्याचे तुम्हांला बरे वाटेल तसे करा. राजानेही ते शेवटपर्यंत लक्षात ठेवले. मृत्युसमयी त्याने आपला मुलगा शलमोन ह्याला सांगितले की बर्जिल्लयाच्या मुलांना आपल्या पंक्तीला जेवू घाल. तुम्ही पुणे नाकारा, ते मी ऐकेन. पण माझे पैसे, माझी माणसे आणि माझी काळजी ही तुमची म्हणून घ्या. मला ही आज्ञा पाळायची आहे, आणि तुम्ही घेतल्याशिवाय ती मला पाळता येत नाही.

म्हणून काही गोष्टी मी ठरवल्या आहेत. त्या तुमच्या पाठीमागे करायच्या नाहीत म्हणून येथे लिहिते. औषधाच्या दुकानदाराला मी परस्पर पैसे देऊ शकते, पण बाबांच्या हाताने व्यवहार झाला तरच तो घरातला वाटेल, तेव्हा रक्कम पूर्वीप्रमाणे बाबांच्याच खात्यावर येईल. न्हाणीघरात धरायला स्टीलच्या दोन दांड्या बसवायच्या आहेत; मिस्त्रीला मी सांगून ठेवले आहे, तो फोन करून येईल, त्याची मजुरी देऊन झाली आहे. धुणीभांड्यांना बाई ठेवण्याविषयी आईने नाही म्हटले होते. गुडघे इतके दुखत असताना ते नाही मी मानणार नाही, आई, एवढ्या एका बाबतीत तू माझे ऐक.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाच्या रविवारी आम्ही चौघे नगरला येत आहोत. बाबा, त्याआधी तुमचे उत्तर पत्राने कळवा, आणि ते हो असावे अशी माझी प्रार्थना आहे. डॉक्टरांची जुनी चिठ्ठी कपाटातल्या फाइलमध्ये आहे, तिचा फोटो काढून मला पाठवा म्हणजे येताना मी तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन येईन. आई, डबीतले तुकडे तोवर टाकून दे आणि उद्या सकाळपासून पूर्ण गोळी घे.

मुलांचा तुम्हां दोघांना सलाम.

तुमची लेक