प्रत आहे, पण किती मागे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डेटा सेंटरमधल्या आगी आणि पुरांविषयी आपल्या अंकात आलेला लेख वाचला. डेटाची प्रत त्याच क्षणी दुसऱ्या ठिकाणी जात असेल तर काळजीचे कारण नाही, असा त्याचा सूर होता. मी बरीच वर्षे डेटाबेस सांभाळते. याच भरवशावर निर्धास्त राहिलेल्या लोकांची तारांबळ मी जवळून पाहिली आहे, म्हणून लिहिते आहे.

प्रत दूर हवी, हा लेखातला मुद्दा शंभर टक्के खरा. क्लस्टरमधला, म्हणजे मिळून काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटातला, एक सर्व्हर पडला की दुसरा काम उचलतो. पण सगळे एकाच छपराखाली असतील तर छप्परच गेल्यावर उचलणार कोण? 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएचक्लाउड या क्लाउड कंपनीचे पाच मजली डेटा सेंटर जळून गेले. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांचे मूळ आणि प्रत एकाच रात्रीत गेले. दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला 26 सप्टेंबर 2025 रोजी आग लागली, तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांचा सुमारे 858 टेराबाइटचा सामायिक फाइलसाठा कायमचा नष्ट झाला. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती.

पण 'त्याच क्षणी' या शब्दांपाशी जरा थांबायला हवे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर धावतो. म्हणजे 1000 किलोमीटरवरच्या सर्व्हरकडे नोंद पाठवून तिची पोच परत यायला, बाकी सगळे सुरळीत असले तरी, 10 मिलिसेकंद लागतातच. पोच आल्याशिवाय व्यवहार पूर्ण मानायचा नाही, ही सिंक्रोनस पद्धत. तिच्यात नोंद हरवत नाही, पण प्रत्येक व्यवहार तेवढा वेळ खोळंबतो. एकाच खात्यावर एकामागून एक नोंदी पडत असतील तर सेकंदाला शंभराच्या पुढे जाणे अवघड. म्हणून लांबच्या प्रतीसाठी बहुतेक जण असिंक्रोनस पद्धत घेतात: इथे नोंद झाली की ग्राहकाला 'झाले' म्हणून सांगायचे, तिकडे ती मागाहून पोचते.

या 'मागाहून'लाच आम्ही लॅग म्हणतो. एरवी तो सेकंदापेक्षाही कमी असतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. महिनाअखेरीची मोठी प्रक्रिया सुरू झाली की पडद्यावरचा तोच आकडा 4, 40, 400 सेकंद असा चढत जातो. प्रायमरीवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, नोंदी अनेक हातांनी एकदम होतात आणि रेप्लिका, म्हणजे प्रत सांभाळणारा सर्व्हर, पुष्कळदा त्या एकाच रांगेत उतरवून घेत बसते. काम जास्त तेव्हाच लॅग जास्त, आणि नेमके त्याच वेळी प्रायमरी कोसळले तर नुकसानही सगळ्यात जास्त. सरासरी लॅग दाखवणाऱ्या अहवालांवर माझा म्हणूनच विश्वास नाही. मला गर्दीच्या वेळचा सर्वांत वाईट आकडा हवा असतो.

दुसरी गोष्ट मी स्वतः भोगलेली. माझ्या एका सहकाऱ्याने जुन्या नोंदी काढून टाकण्याची आज्ञा दिली. कोणत्या नोंदी काढायच्या ती अट लिहायची तेवढी राहून गेली. आम्ही धावत दूरच्या रेप्लिकावर गेलो, मोजणी केली. उत्तर आले शून्य. रेप्लिकेशन, म्हणजे नोंदी प्रतीकडे पोचवण्याचे काम, अगदी चोख चालू होते. चूकही तितक्याच चोखपणे पोचली होती. आदल्या रात्रीच्या बॅकअपमधून नोंदी परत आणल्या, आणि दिवसभराच्या नोंदी माणसे बसवून कागदांवरून पुन्हा भरल्या. तेव्हापासून मी एक रेप्लिका मुद्दाम तासभर मागे ठेवते. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस या दोन्ही डेटाबेस प्रणालींत ती सोय आहे. आगीला उत्तर म्हणजे जिवंत प्रत. माणसाच्या चुकीला मागे राहिलेली प्रत आणि बॅकअप लागतात.

आणि बॅकअप खरोखर होतो आहे का, हेही बघावे लागते. 31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या प्रोग्रॅमचे कोड साठवणाऱ्या सेवेत रेप्लिकेशनचा बिघाड दुरुस्त करताना एका अभियंत्याने रेप्लिका समजून प्रायमरीवरचाच डेटा पुसला. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांच्या तफावतीमुळे बरेच दिवस होतच नव्हता, आणि तसे कळवणारे ईमेलही पोचत नव्हते. योगायोगाने कुणी सहा तास आधी हाताने एक स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची प्रत, घेतला होता, त्यावर निभावले. त्यांनी हे सगळे उघडपणे लिहून ठेवले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

फेलओव्हर, म्हणजे प्रायमरी पडल्यावर रेप्लिकाने त्याची जागा घेणे, आपोआप होतो म्हणून सुटलो, असेही नाही. 21 ऑक्टोबर 2018 रोजी गिटहब या तशाच दुसऱ्या सेवेच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरचा दुवा अवघे 43 सेकंद तुटला. स्वयंचलित यंत्रणेने पश्चिमेकडचे सर्व्हर प्रायमरी केले. पण पूर्वेकडे काही सेकंदांच्या नोंदी पश्चिमेला न पोचता तशाच राहिल्या होत्या. आता दोन्हीकडे वेगवेगळे खरे! डेटा गमावायचा नाही म्हणून त्यांनी सबुरी धरली, आणि सेवा पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटे लागली. प्रायमरी कोण हे ठरवणारा साक्षीदार तिसऱ्या ठिकाणी हवा, जुन्या प्रायमरीचे लिहिणे आधी सक्तीने बंद पाडायला हवे, आणि न पोचलेल्या नोंदींचे काय करायचे तेही आधीच शांतपणे ठरलेले हवे. ऐन वेळी पहाटे तीन वाजता ते सुचत नाही.

आमचे पहिले ड्रिल, म्हणजे फेलओव्हरचा सराव, मला आठवते. ठरवून प्रायमरी बंद केले, रेप्लिका पुढे आली, सगळ्यांना हायसे वाटले. मग कळले की बिलांचा एक जुना प्रोग्रॅम थेट जुन्या सर्व्हरच्याच पत्त्यावर हाका मारतो आहे. तो पत्ता कुणी, कधी लिहिला होता, कुणालाच ठाऊक नव्हते. त्या रविवारी तो सापडला नसता तर खऱ्या आपत्तीच्या दिवशी सापडला असता.

एक विनंती आहे. पुढच्या वेळी एखादी मोठी सेवा कोलमडली की आपल्या वार्ताहरांनी 'बॅकअप होता का' एवढ्यावर थांबू नये. सेवा पडली त्या क्षणी प्रत किती सेकंद मागे होती आणि शेवटचा फेलओव्हर मुद्दाम करून पाहिला ती तारीख कोणती, हे दोन्ही विचारावे. तारीख सांगता आली नाही, तर तेही छापावे.

आपली,
एक डेटाबेस प्रशासक