मालदांडी ज्वारी रेशन दुकानात यायला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला, तेव्हा त्यात तांदळाचा दर तीन रुपये, गव्हाचा दोन रुपये आणि ज्वारी-बाजरीसारख्या भरड धान्याचा एक रुपया किलो असा ठरला होता. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळू लागले. भरड धान्याला कायद्यातच स्थान असूनही सोलापूर जिल्ह्यासारख्या ज्वारीच्या मुलखात रेशन कार्डावर वर्षाचे बहुतेक महिने गहू आणि तांदूळच मिळतात. ज्वारी मधूनमधून येते, पण पुढच्या महिन्यात ती मिळेल याचा भरवसा नसतो. ज्वारी पिकवणाऱ्या कुटुंबालाच घरची ज्वारी विकून रेशनचा गहू खावा लागावा, ही स्थिती बदलली पाहिजे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्याकडची रब्बी ज्वारी उत्तरा-हस्त नक्षत्राच्या सुमारास पेरली जाते आणि पुढे बहुधा एकही पाऊस न पडता, काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि हिवाळ्यातल्या दवावर वाढते. जमीन भेगाळू लागली की कोळपे फिरवून भेगा बुजवायच्या, म्हणजे ओल टिकते. एवढीच तिची मुख्य मशागत. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड पद्धतीने तयार झालेले मालदांडी ३५-१ हे वाण जवळपास नऊ दशकांनंतरही शेतात टिकून आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा एकाच धाटातून देणारे असे पीक कोरडवाहू भागात दुसरे नाही. कडबा कमी झाला की दावणीची जनावरे कमी होतात, शेणखत घटते आणि जमिनीचा कस उतरत जातो; म्हणून ज्वारीच्या क्षेत्राचा विचार केवळ धान्याच्या उत्पन्नापुरता करून भागणार नाही.

१९८०च्या सुमारास महाराष्ट्रात ६० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर ज्वारी होती. आज ती त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी उरली आहे. खरिपातली ज्वारी पावसात काळी पडते म्हणून तिथे सोयाबीन आले, हे समजण्यासारखे आहे. रब्बीत मात्र जिथे कालव्याचे किंवा बोअरचे पाणी पोहोचले, तिथे ऊस आला. राज्याच्या पीकक्षेत्रापैकी चार टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेच नोंदवले आहे. यासाठी ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे आणि तो घेणारा कारखाना जवळ आहे. ज्वारीला यांतले काहीच नाही. शिवाय ज्वारी उपटणे, कणसे खुडणे आणि पेंढ्या बांधणे हे सगळे हाताचे काम, आणि त्याला आता माणूस मिळत नाही.

हमीभाव जाहीर होतो, हे खरे. २०२४-२५ साठी संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३,३७१ रुपये आणि मालदांडीला ३,४२१ रुपये असा तो होता. या दोन दरांतला ५० रुपयांचा फरक पाहिला की प्रश्न कुठे आहे हे लक्षात येते. चांगल्या मालदांडीला बाजारात हमीभावाहून बराच अधिक दर मिळतो, त्यामुळे ती सरकारी केंद्रावर येतच नाही आणि केंद्रावर येतो तो बहुधा कमी प्रतीचा माल. मग तीच ज्वारी गोदामात पडून उशिरा दुकानात पोहोचते, दळल्यावर पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, राहत नाही, भाकरी थापताना कडेने चिरते आणि ‘लोकांना ज्वारी नको आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. आमच्या घरातल्या बायकांना विचारा. त्यांना ज्वारी नको नाही, त्यांना भाकरी होईल अशी ज्वारी हवी आहे.

म्हणून राज्य शासनाने मालदांडीसाठी बाजाराशी सुसंगत असा वेगळा खरेदी दर, निदान हमीभावावर बोनस तरी, द्यावा. खरेदी मळणीच्या काळात, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत, तालुक्याच्या खरेदी-विक्री संघामार्फत करावी आणि तो माल त्याच जिल्ह्यात, नवा असतानाच वाटावा. लांबची वाहतूक वाचेल आणि अंगणवाड्यांनाही त्यातून ज्वारी देता येईल. साठवणीची अडचण पुढे केली जाते; पण चांगली वाळवलेली ज्वारी याच भागात पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या कोठारांत, वर्षानुवर्षे ठेवली जात असे. दामाजीपंतांनी दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, ही कथा ज्या गावाची, तिथे धान्य साठवण्याची विद्या नव्याने शिकवण्याची गरज नाही.

हे अशक्य नाही. शेजारच्या कर्नाटकाने रेशनवर दक्षिणेकडे नाचणी आणि उत्तरेकडे ज्वारी देण्याचा मार्ग धरला आहे. ओडिशाने २०१७ मध्ये भरड धान्यांचे अभियान सुरू करून आदिवासी शेतकऱ्यांकडून हमीभावाने नाचणी घेतली, ती रेशनवर दिली आणि काही जिल्ह्यांत अंगणवाडीतल्या मुलांना तिचे लाडू दिले. भारताच्याच पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून साजरे केले; त्या वर्षी प्रदर्शने आणि पाककृती-स्पर्धा पुष्कळ झाल्या, खरेदीची घडी मात्र बसली नाही.

गहू आणि तांदूळ या दोनच धान्यांवर सारी भिस्त ठेवण्यातला धोका आपण अनुभवला आहे. २०२२च्या मार्चमध्ये उत्तरेत उन्हाचा तडाखा बसला, गव्हाचे दाणे बारीक राहिले आणि मे महिन्यात केंद्राला गव्हाची निर्यात थांबवावी लागली.

खरेदीचा दर आणि केंद्रांची यादी पेरणीच्या आधी, म्हणजे ऑगस्ट संपण्यापूर्वी जाहीर झाली, तरच शेतकरी कोणत्या रानात काय पेरायचे हे त्यावरून ठरवू शकेल. पीक खळ्यावर आल्यावर निघालेल्या आदेशाने पेरा वाढत नाही. ज्वारी उपटण्याची आणि कापणीची लहान यंत्रे गावपातळीवर भाड्याने मिळण्याची सोयही त्याच वेळी व्हावी. आपल्या वृत्तपत्राने हा विषय अन्न व नागरी पुरवठा आणि कृषी या दोन्ही खात्यांपर्यंत एकत्रितपणे पोहोचवावा, ही विनंती.

आपला,
एक कोरडवाहू शेतकरी,
मंगळवेढा, जि. सोलापूर