रॅम तपासल्याशिवाय मदरबोर्ड बदलू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गेली एकवीस वर्षे रत्नागिरीत अक्षरजुळणीचे आणि पानांच्या मांडणीचे काम करते. गेल्या श्रावणात दिवाळी अंकांची कामे हाती आली, तेव्हा आठ जीबी रॅम पुरेना म्हणून शहरातील एका दुकानातून आणखी आठ जीबीची पट्टी बसवून घेतली. दोनच दिवसांत संगणक मध्येच हँग होऊ लागला, कधी निळी स्क्रीन येऊन आपोआप रीस्टार्ट होऊ लागला, आणि एके संध्याकाळी पाठवलेली चौसष्ट पानांची पीडीएफ छापखान्यात उघडेचना. दुकानदाराने आधी विंडोज फॉरमॅट करून दिले. त्रास तसाच राहिला, तेव्हा मदरबोर्ड गेल्याचे सांगून साडेसात हजारांचा खर्च पुढे ठेवला.

मदरबोर्ड गेलेलाच नव्हता. पुण्यात हार्डवेअरचे काम करणाऱ्या माझ्या भाच्याने फोनवरून सांगत माझ्याच हातून सगळे तपासून घेतले. वीज बंद करून, वायर काढून कॅबिनेट उघडले, तर नव्या पट्टीच्या एका टोकाची क्लिप अर्धवट उघडी दिसली. पट्टी त्या बाजूला केसभर वर राहिली होती. दोन्ही टोकांवर अंगठ्याने सरळ दाब दिल्यावर ‘टक’ असा आवाज होऊन ती बसली. दुसरी चूक अशी की, रॅमच्या पट्ट्यांसाठी चार स्लॉट (खाचा) असलेल्या बोर्डावर दोन्ही पट्ट्या प्रोसेसरलगतच्या पहिल्या दोन स्लॉटमध्ये बसवल्या होत्या. बहुतेक बोर्डांच्या माहितीपुस्तिकेत दोन पट्ट्यांसाठी प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट सांगितलेला असतो, कारण तसे केल्याने दोन्ही चॅनल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातले माहितीचे मार्ग, वापरात येतात.

खरे दुखणे मात्र वेगाचे होते. दोन्ही पट्ट्या डीडीआर४ या एकाच पिढीच्या, पण जुनी २६६६ वेगाची आणि नवी ३२०० वेगाची. दुकानात बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी ही रॅमचा वेग वाढवणारी सोय चालू करून दिल्याने दोन्हींना ३२०० वर पळावे लागत होते आणि जुन्या पट्टीला तो वेग झेपत नव्हता. पेनड्राइव्हवर घेतलेल्या मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या मोफत प्रोग्रॅमने त्या अवस्थेत पहिल्या अर्ध्या तासातच चुकांच्या लाल ओळी दाखवायला सुरुवात केली. एक्सएमपी बंद करून वेग २६६६ वर आणला आणि तीच चाचणी रात्रभर चालवली, तर सकाळी चार फेऱ्या पूर्ण झालेल्या आणि चुका शून्य. साडेसात हजार तर वाचलेच, नवा पैसाही खर्च झाला नाही.

रॅम बिघडलेली असताना विंडोज फॉरमॅट करण्याने काहीच साधत नाही, उलट नुकसान होते, हे फार थोड्यांना माहीत असते. नव्याने बसवल्या जाणाऱ्या फाइलीसुद्धा त्याच रॅममधून जाऊन डिस्कवर उतरतात आणि जाताजाता बिघडू शकतात. आमच्या व्यवसायात तर याहून मोठा धोका आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘द’ आणि ‘ध’, ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’ या जोड्यांत केवळ एका बिटाचा (एका ० किंवा १ चा) फरक आहे. रॅममध्ये तो एक बिट उलटला, तर ‘दार’चे ‘धार’ होते आणि ‘पळ’चे ‘फळ’. दोन्ही शब्द खरे असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅमही ते पकडत नाही. त्यात इन्स्क्रिप्ट कळफलकावर याच जोड्या एकाच कळीवर, शिफ्ट दाबून आणि न दाबता, येतात. त्यामुळे मुद्रितशोधकाला अशी चूक दिसली, तर ती जुळणी करणारीच्या बोटांची मानली जाते. त्या पंधरवड्यातली सगळी पाने मी मूळ हस्तलिखितांशी ताडून पुन्हा वाचून काढली.

तपासण्याची पद्धत अवघड नाही, फक्त वेळ द्यावा लागतो. एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून चाचणी घ्यावी, मग चांगली ठरलेली पट्टी बाकीच्या स्लॉटमध्ये फिरवावी. म्हणजे दोष पट्टीत आहे की स्लॉटमध्ये, ते आपोआप वेगळे होते. आमच्या कोकणात पावसाळ्यात रॅमच्या कडेवरील धातूच्या संपर्कपट्ट्यांवर दमट धुळीचा थर बसतो. त्यावर खोडरबर फिरवण्याची पद्धत आहे, पण तो अगदी हलक्या हाताने फिरवावा आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल त्याहून चांगले. डीडीआर५ या पुढच्या पिढीच्या रॅमच्या नव्या संगणकांत रॅम बदलल्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटे काळीच राहू शकते. त्या वेळात मेमरीची जुळवणी चालू असते, त्यामुळे घाबरून मध्येच बटण दाबू नये.

संगणक विकणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे की, रॅम वाढवून देताना आधीच्या पट्टीचा वेग पाहावा आणि बिलावर ‘आठ जीबी रॅम’ एवढेच न लिहिता पट्टीचा पार्ट क्रमांक, प्रकार आणि वेग नोंदवावा. मशीन निदान एक रात्र चाचणीवर ठेवूनच ग्राहकाच्या हाती द्यावे. त्यासाठी वेगळे शंभर-दोनशे रुपये घेतले, तरी माझी हरकत नाही. आणि ग्राहकांनी मदरबोर्डाचे पैसे मोजण्याआधी त्या चाचणीचा निकाल स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा आग्रह धरावा.

आपली नम्र,
एक अक्षरजुळणीकार, रत्नागिरी