वाचवलेला पैसा गेला कुठे, ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न.

अमेरिकेने परदेशी मदत आवरती घेतली त्याचे स्वागत करणारे एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात वाचले. श्रीमंत देशाने आधी आपल्या माणसांचे बघावे, उरले तर परक्यांना द्यावे, असे त्यांचे म्हणणे. तेवढ्यावर ते थांबले असते तर मी कदाचित लिहिले नसते. पण शेवटी त्यांनी हाच नियम गोव्याला लावला आणि बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात परराज्यातले रुग्ण घेणे बंद करा, अशी मागणी केली. मी सरकारी इस्पितळात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. माझे माहेर सीमेपलीकडे, महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्गच्या बाजूला आणि सासर गोव्यातल्या डिचोलीत. म्हणजे पत्रलेखकांच्या हिशेबाने माझे निम्मे नातलग 'आपले' आणि निम्मे 'परके' ठरतात.

आधी आपली माणसे, या म्हणण्यात मला काही वावगे दिसत नाही. सरकार आपल्या लोकांच्या करावर चालते आणि त्या लोकांना औषध, पाणी, शाळा देणे हे त्याचे पहिले काम आहे. प्रश्न एवढाच की, श्रीमंत देश परक्यांना देतात तरी किती? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० साली ठराव केला की श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम गरीब देशांसाठी द्यावी. शंभर रुपयांतले सत्तर पैसे. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग अशा मोजक्याच देशांनी ते सातत्याने पाळले. अमेरिकेने हे लक्ष्य कधी स्वीकारलेच नाही. रक्कम म्हणून बघितली तर तिची मदत जगात सर्वांत मोठी होती हे खरे, पण २०२३ मध्येही ती शंभर रुपयांमागे चोवीस पैशांच्या आसपासच होती. तिथल्या सामान्य माणसाला मात्र तसे वाटत नाही. तिथल्या पाहण्यांत लोकांना सरकारी खर्चातला किती भाग परदेशी मदतीवर जातो असे विचारले, तेव्हा सरासरी उत्तर चौथ्या हिश्श्याच्या आसपास आले. प्रत्यक्षात तो एक टक्क्याच्या जवळपास होता. चौथा हिस्सा बाहेर जातो असे मनात धरून बसलेल्या माणसाला राग येणारच.

आता पत्रलेखकांना माझा प्रश्न. जे वाचवले ते आपल्या माणसांना मिळाले का?

२० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी गोठवली. केनेडींनी १९६१ मध्ये सुरू केलेल्या, परदेशी मदत वाटणाऱ्या 'यूएसएड' या सरकारी संस्थेचे काम १ जुलै २०२५ रोजी संपले आणि जे उरले ते परराष्ट्र खात्यात गेले. त्यानंतर तीनच दिवसांनी, ४ जुलैला, ट्रम्प यांनी ज्या कायद्यावर सही केली त्यात अमेरिकेतल्याच गरिबांसाठी असलेल्या मेडिकेड या आरोग्य योजनेला आणि अन्नसाहाय्याला मोठी कात्री लागली. अमेरिकी संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे की या कायद्यामुळे २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी अमेरिकी लोकांचे आरोग्य विम्याचे संरक्षण जाईल. परक्या आजाऱ्याला औषध देणारी संस्था बंद झाली आणि त्याच आठवड्यात घरच्या आजाऱ्याच्या औषधालाही कात्री लावायचे ठरले. ब्रिटननेही फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले की मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायची. ते पैसे संरक्षणावर खर्च होणार आहेत. युक्रेनचे युद्ध डोक्यावर असताना त्यांना तसे वाटले असेल, त्यावर मी बोलणार नाही. पण कुठल्या ब्रिटिश इस्पितळातल्या खाटा त्यातून वाढणार नाहीत. म्हणून 'आधी आपले' असे कोणी म्हणाले की मी विचारते, वाचलेला पैसा कुठल्या खात्यात जमा केला ते दाखवा.

ज्या रीतीने मदत थांबवली गेली, ती आयुष्यभर औषधे वाटलेल्या बाईला फार लागते. अमेरिकेने २००३ मध्ये, बुश यांच्या काळात, एड्ससाठी 'पेपफार' नावाचा कार्यक्रम सुरू केला. अडीच कोटी जीव त्याने वाचवले असे अमेरिकी सरकारच सांगत आले. त्यातल्या बहुतेक गोळ्या आपल्या भारतातल्या कारखान्यांत बनत. एचआयव्हीच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. रुग्ण आम्हाला विचारायचे, "बाई, मध्ये महिनाभर चुकल्या तर चालेल?" आम्ही दर वेळी तेच सांगायचो की चुकवू नका, विषाणू पुन्हा वाढतो आणि मग तो त्याच गोळीला जुमानत नाही. मदत कमी करायचीच असेल तर पाच वर्षांची मुदत द्या, त्या देशाला आपली व्यवस्था उभी करू द्या. एका सकाळी दवाखान्याला कुलूप लावले तर त्याचा फटका अशा माणसाला बसतो, ज्याने अमेरिकेच्या कुठल्याही निवडणुकीत मत दिलेले नाही.

आता आपल्या दारातली गोष्ट सांगते. माकडताप गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि पलीकडे दोडामार्गात कोणाला नवा नाही. जानेवारी उलटली, काजूच्या बागायतीत माणसे जाऊ लागली की गोचिडीच्या चाव्यातून हा ताप येतो. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात माणसे दगावली. पुढच्या वर्षी तो दोडामार्ग तालुक्यात आला, मग बांद्याला. राज्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर गोचिडीला कोणी अडवले नाही. तापाने फणफणलेला माणूस, नाकातोंडातून रक्त, आणि सोबत आलेली बायको सांगते की आठ दिवसांपूर्वी भाटात, म्हणजे बागायतीत, माकड मरून पडले होते. अशा वेळी डॉक्टरांच्या हातात पहिली गोष्ट लागते ती आजाराचे नाव. ते नाव १९५७ मध्ये मिळाले. कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडे आणि माणसे मरू लागली तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने हा विषाणू शोधून काढला. आणि ते केंद्र १९५२ मध्ये उभे राहिले ते आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने सुरू केले म्हणून.

ही मदत सरकारी नव्हती, खासगी धर्मादाय संस्थेची होती, हे मी मुद्दाम सांगते. पण त्या काळी अमेरिकेतही उपाशी माणसे होती, काळ्या लोकांच्या वस्त्यांत धड दवाखाने नव्हते. तिथल्या कोणी म्हटले असते की पुण्यातल्या प्रयोगशाळेला पैसे कशाला, तर त्याला खोटे कसे पाडणार होता? त्या पैशाचे फळ साठ वर्षांनी आपल्या पाली गावातल्या माणसाला मिळेल, हे देणाऱ्याला कळणे शक्य नव्हते. तेच केंद्र आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. २०२० मध्ये कोरोनाचा विषाणू तिथे वेगळा केला गेला आणि त्यावरून कोव्हॅक्सिन ही आपली लस तयार झाली.

सगळीच मदत अशी निर्मळ नसते, हे माझ्या पिढीला कोणी शिकवायला नको. माहेरी शाळेत आम्हाला परदेशी दुधाच्या भुकटीचे दूध मिळायचे. रेशनवर तांबडी मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, यायची. तिची भाकरी थापताना तुटायची आणि आई चिडायची. पुढे वाचले तेव्हा कळले की १९६५ ते ६७ या वर्षांत, देशात दुष्काळ असताना, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन गव्हाची जहाजे अगदी मोजूनमापून, थोडी थोडी सोडत होते. आपण व्हिएतनाम युद्धावर टीका करत होतो, तेही त्यामागचे एक कारण होते. दुसऱ्याच्या भुकेवर मान वाकवून घेणारी मदत मला नको आहे. सल्लागारांच्या पगारात आणि देणाऱ्याच्याच मालाच्या खरेदीत परत जाणारी मदतही नको. तिच्यावर टीका जरूर व्हावी. पण त्या टीकेचा उपयोग मदत सुधारायला व्हावा. पत्रलेखक तिचा उपयोग दार लावायला करतात.

आणि संकट खरेच घरात असेल तर आधी घरच्यांना, हे मीही म्हणते. २० जानेवारी २०२१ रोजी भारताने भूतान आणि मालदीवला लस पाठवायला सुरुवात केली. पुढे दुसरी लाट आली आणि निर्यात थांबवली गेली. ती थांबवणे बरोबर होते, असेच माझे मत आहे. वॉर्डात राबणाऱ्या माझ्या सहकारी मुली रात्री फोन करून रडत होत्या, तेव्हा दुसरे काही मनात येणे शक्य नव्हते. पण वर्ष संपायच्या आत निर्यात पुन्हा सुरू झाली, हेही लक्षात घ्यावे. आणि त्या भयंकर एप्रिल-मे महिन्यात भूतानने आसामला रोज चाळीस टन द्रवरूप प्राणवायू देऊ केला. केनियाने बारा टन चहा, कॉफी आणि शेंगदाणे पाठवले, ते आघाडीवर काम करणाऱ्यांसाठी. समाजमाध्यमांवर आपल्याच काही लोकांनी त्या शेंगदाण्यांची थट्टा केली. ज्यांच्यासाठी ते आले त्यांच्यात माझ्या बरोबरीच्या बायका होत्या. त्या थट्टेचा मला आजही संताप येतो.

आता बांबोळी. दरडोई उत्पन्नात गोवा देशात अगदी वरच्या क्रमांकांत आहे. म्हणजे श्रीमंताने काय करावे हा प्रश्न इथे आपल्यालाही लागू आहे, आणि तो पत्रलेखकांनी विचारला हे बरेच झाले. १ जानेवारी २०१८ पासून आपल्या सरकारने परराज्यातील रुग्णांना तिथे शुल्क लावले. दोडामार्गात त्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले. पुढे सिंधुदुर्गातल्या रुग्णांना महाराष्ट्राच्या जनआरोग्य योजनेतून उपचार मिळावेत अशी तजवीज झाली. हा मार्ग मला योग्य वाटतो. गोमंतकीय करदात्याने सगळा भार का उचलावा, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या तिजोरीने द्यायला हवे. कारवारकडच्यांसाठी कर्नाटकानेही द्यावे. पण शुल्क कोणी भरायचे हा एक वाद आणि दार बंद करायचे हा दुसरा. साप चावलेल्या मुलाला घेऊन बापाने दोडामार्गहून कुठे जावे? जिल्ह्याचे ठिकाण ओरोस, तेही घाटवळणाच्या रस्त्याने लांब. बांबोळीला बाप पोचतो ते जवळ आहे म्हणून, फुकट आहे म्हणून नव्हे.

पत्रलेखक गोव्यातल्या बार्देश तालुक्याचे असल्याचे पत्राखाली वाचले. तिळारीचा कालवा फुटला की अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाला पाणी कमी पडते आणि बार्देशातले नळ कोरडे होतात, हे त्यांनी अनुभवले असेलच. तिळारीचे धरण दोडामार्ग तालुक्यात आहे. आयनोडे, सरगवे, पाट्ये अशी गावे त्याच्या पाण्याखाली गेली. आमच्या नात्यातल्या एका घराने शेत, घर, कुळाचे देवस्थान तिथे सोडले. गोव्याने या धरण प्रकल्पाच्या खर्चाचा मोठा वाटा दिला, हे खरे आणि त्याबद्दल मी आपल्या सरकारला नाव ठेवत नाही. पण पैसे दिले म्हणजे पलीकडची माणसे पूर्ण परकी झाली असे होते का? ज्यांच्या बुडालेल्या शेतावरचे पाणी आपण पितो, त्यांचा आजारी माणूस आपल्या इस्पितळाच्या रांगेत उभा राहिला तर तो कोणाचे काय हिरावून घेतो?

इथल्या रुग्णाला खाट मिळत नाही, जमिनीवर गादी टाकून झोपावे लागते, ही तक्रार खरी आहे आणि मी ती वर्षानुवर्षे ऐकली आहे. तिचे उत्तर तालुक्यातल्या इस्पितळांत आहे. डिचोली, साखळी, वाळपई, पेडणे इथे रात्री तज्ज्ञ डॉक्टर आणि भूल देणारा माणूस असेल, तर बांबोळीकडे धावणाऱ्या रुग्णवाहिका आपोआप कमी होतील. परराज्यातल्यांना हाकलले तरी वाळपईला रात्रीचा डॉक्टर त्यामुळे येणार नाही.

येत्या निवडणुकीत 'आधी गोमंतकीय' म्हणत जे उमेदवार दारात येतील त्यांना मी हेच विचारणार आहे, आणि आपल्या दैनिकानेही विचारावे अशी विनंती करते: परक्यांकडून वाचवलेला पैसा तुमच्या अंदाजपत्रकात कुठल्या पानावर, कुठल्या इस्पितळाच्या नावे दिसेल? आणि आरोग्य खात्याला आणखी एक मागणे आहे. काजूचा हंगाम सुरू होण्याआधी, डिसेंबरातच, सत्तरी आणि दोडामार्ग या दोन्ही तालुक्यांच्या आरोग्य कर्मचाऱ्यांची एकत्र बैठक बोलवावी, मेलेल्या माकडांची नोंद दोन्ही बाजूंना एकाच वहीत व्हावी आणि गोचिडीपासून बचावाचे तेल बागायतीत जाणाऱ्या प्रत्येकाला, तो कुठल्या राज्याचा हे न विचारता, द्यावे. या कामाला खर्च फार येत नाही. दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी एकमेकांना फोन केला तरी सुरुवात होईल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
डिचोली, गोवा