कादान्योहून पत्र

ती. आई-बाबा, सा. न.

बाबा, 'ऑक्सिजनच नाही तिथे बघायचं काय?' असं तुम्ही विचारलंत आणि नेमकी रेंज गेली. आई मागून 'मेलेलं पाणी' म्हणाली, तेही ऐकू आलं. पटलं नाही हं!

कादान्यो तळं दक्षिण स्वित्झर्लंडच्या डोंगरात, 1921 मीटर उंचीवर आहे. खोली जेमतेम 21 मीटर, पण वरचं-खालचं पाणी एकमेकांत मिसळत नाही. वर गोडं पाणी, तळाशी खडकांतून आलेलं क्षारांचं जड पाणी. सरबत न ढवळल्यावर पाक खाली बसतो, तसं. तिथवर ऑक्सिजन पोचत नाही आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठत राहतो.

काल होडीतून नळी सोडून पंपाने पाणी ओढलं. दहा मीटरपर्यंत नितळ. बाराच्या पुढे बाटलीला गुलाबी झाक आली आणि होडीभर सडक्या अंड्यांचा वास! बाबा, लोणारचं पाणी 2020 मध्ये गुलाबी झालं होतं ना, तेही सूक्ष्मजीवांमुळेच. पण ते काठावरून दिसत होतं. इथला रंग खाली दडलेला.

त्या रंगाचा मोठा मानकरी क्रोमॅटियम ओकेनी. हा जिवाणू उजेडावरच अन्न करतो, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतो, त्यामुळे ऑक्सिजन सुटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या अंगातले गंधकाचे कण चमकतात. उजेड वरून, खाद्य खालून, म्हणून दोन्ही मिळतील त्या पट्ट्यात यांची झुंबड. उजेडाकडे पोहत वर जातात, गर्दीने तिथलं पाणी जड होतं, खाली बसतं, हे पुन्हा वर. अख्खा थर घुसळून निघतो. डोळ्यांना न दिसणारे जीव, आणि हा उद्योग! शिवाय विषारी वायू हेच फस्त करतात, म्हणून वरच्या पाण्यात ट्राउट मासे सुखाने पोहतात. आई, आता सांग, मेलेलं कुठे?

स्वित्झर्लंडमधल्याच त्सूग तळ्यात तर याहून नवल. तिथल्या खोल पाण्यातल्या एका एकपेशीय जिवाच्या पोटात एक जिवाणू कायमचा मुक्कामी असतो. तो ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वसन करतो आणि यजमानाला ऊर्जा पुरवतो. हे 2021 मध्ये कळलं.

उन्हाळ्यात याल तेव्हा इथे आणतेच. इथे वर येताना लागणाऱ्या रितोमच्या रेल्वेचा चढ 87.8 टक्क्यांपर्यंत आहे, पण बसून यायचंय. पुढे मात्र चालावं लागेल. आई, गुडघ्याचा पट्टा बॅगेत नको, हाताशी ठेव.

तुमची
मनू