मित्रास पत्र: पुन्हा तीच मोटर

प्रिय बापू,
स. न. वि. वि.

सहा महिने पत्र नाही आणि आता एवढे जाड पाकीट आले, म्हणजे याचे काहीतरी अडले आहे, हे तू ते फोडण्याआधीच ओळखले असशील. माझी तब्येत ठीक आहे. साखर निदान डॉक्टरांसमोर तरी काबूत असते.

आपल्या निकॉन डी५२०० कॅमेऱ्याने मागच्या महिन्यात भिगवणला, रोहित पक्ष्यांचा थवा उठण्याच्या नेमक्या क्षणी, शटर अर्धवट मिटून राम म्हटला. म्हणून परवा लक्ष्मी रोडवरून येताना, आता मिररलेसच, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेराच घ्यायचा, पण सुरुवातीचा आणि चार वर्षे पुरेल असा, हे मनाशी ठरवून एका दुकानात शिरलो. काउंटरवरच्या पोराने निकॉनचा झेड ५० टू हातात दिला. माझ्याकडे ५० मिलिमीटरची जुनी ‘डी’ लेन्स आहे, जिचा फोकस बॉडीतली मोटर फिरवते, ती अ‍ॅडॉप्टर लावून बसेल ना, असे मी जरा ऐटीतच विचारले. तो म्हणाला, “बसेल सर, पण ऑटोफोकस चालणार नाही, अ‍ॅडॉप्टरमध्ये मोटर नसते.” बापू, मी भर दुकानात एकटाच मोठ्याने हसलो. २०१३ साली ‘डी७००० घे, त्याच्या बॉडीत मोटर आहे’ म्हणून तू कानीकपाळी ओरडत होतास, मी फिरणाऱ्या स्क्रीनला भुललो आणि फोकस न होणारी ती लेन्स ‘हे भंगार तूच ठेव’ म्हणत तुझ्या पिशवीत कोंबली, हे त्या पोराला काय ठाऊक? (ती सांभाळण्याचे भाडे म्हणून तू खाल्लेल्या मिसळींचा हिशेब मात्र माझ्याकडे आहे.)

बॉडी पाच-सात वर्षांत जुनी होते, लेन्स राहते, म्हणून आधी माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खाच निवडावी, ही तुझी पोपटपंची आता मला पटते आहे, आणि खरा त्रास तोच आहे. कॅननचा आर५० हलका आहे, पण त्याला डायल एकच आणि माझी करंगळी त्याच्या खाली लोंबकळते. आर१० ला दोन डायल आहेत, म्हणजे शटर आणि अ‍ॅपर्चर दोन बोटांवर स्वतंत्र राहतात. तो मला वर्षभरात अपुरा पडणार नाही. त्यावर १००-४०० ची ६३५ ग्रॅमची लेन्स लावली, तर लहान सेन्सरमुळे ६४० मिलिमीटरइतकी जवळीक मिळते आणि होडीत खांदाही शाबूत राहतो. तिचे अ‍ॅपर्चर त्या टोकाला एफ/८ असते, म्हणजे प्रकाश कमीच शिरतो, तेव्हा पहाटेच्या धुक्यात आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता चढवून फोटोत रवा पाडून घेण्याची तयारी ठेवावी लागेल. निकॉनची पकड मात्र अशी, की बटणे बोटांना आधीच ओळखत होती. त्याचे मेगापिक्सेल २०.९, म्हणजे माझ्या जुन्यापेक्षाही कमी. क्षणभर जिव्हारी लागले, मग कॅलेंडरपेक्षा मोठा फोटो आपण कधी छापलाच नाही, हे आठवले. परंतु त्याची परवडणारी टेलिफोटो २५० ला थांबते आणि ६०० पर्यंत पोचणारी १८०-६०० जवळजवळ दोन किलोची आहे, जिच्यासाठी नावाड्याचाच खांदा भाड्याने घ्यावा लागेल. सोनी आणि फुजीबद्दल पुढच्या पत्रात लिहीन, म्हणजे कधीच नाही.

हिशेब कॅननकडे झुकतो. निकॉनकडे ओढते ती फक्त तुझ्या कपाटातली ती लेन्स, जिचा पक्ष्यांसाठी काडीचा उपयोग नाही, पण आईचा पडवीतला फोटो तिनेच काढलेला आहे. दुकानात मी निकॉनवर, दुसऱ्या लेन्सने, हाताने फोकस करून पाहिला. व्ह्यूफाइंडरमध्ये त्या पोराच्या पापणीच्या कडेवर बारीक लाल रेघ उमटली, म्हणजे फोकस तिथे; रिंग केसभर फिरवली की ती नाकावर सरके. असे हाताने जमेल, असे वाटले.

वहिनींचा गुडघा आता कसा आहे? कलमांना मोहर आला का? चिरंजीवांच्या नोकरीचे कळव.

आता काम. रात्री दिवे मालवून लेन्सची दोन्ही झाकणे काढ, २२ वर अडकवलेली रिंग १.८ वर आण आणि मागून टॉर्च मार. रत्नागिरीच्या एवढ्या पावसाळ्यांत आत कोळिष्टकासारखी बुरशी धरली असेल, तर माझ्या समाधानासाठी खोटे सांगू नकोस. मी शनिवारी आर१० घेऊन टाकीन. स्वच्छ असेल, तर येणाऱ्या कुणाबरोबर पाठव. तांदळाच्या डब्यात घालून पाठवू नकोस, मागच्या वेळचा फ्लॅश अजून पीठ झाडतो आहे. आणि मागचे झाकण माझे आहे, तेही लावून पाठव.

तुझा,
अप्पा